मिकाएला शिफ्रिनची कारकीर्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन स्कीपटू मिकाएला शिफ्रिनबद्दलचे प्रश्न दोनच वेळा ढिगाने येतात: हिवाळी ऑलिंपिक जवळ आलं की, आणि ती पडल्याची बातमी आली की. अधल्यामधल्या काळात ती शर्यती जिंकत असते, तेव्हा आपल्याकडे फारसं कुणी विचारत नाही. त्यामुळे बऱ्याच प्रश्नांचा सूर 'एवढी मोठी, मग ऑलिंपिकमध्ये असं कसं?' असा असतो. खालची उत्तरं वाचल्यावर तो सूर बदलेल असं वाटतं. सगळे आकडे २०२४-२५ चा हंगाम संपेपर्यंतचे आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मिकाएला शिफ्रिन नेमकी कोण? तिचं एवढं नाव का घेतात?

अल्पाइन स्कीइंगच्या वर्ल्ड कपमध्ये आजवर सर्वाधिक शर्यती जिंकलेली खेळाडू. सर्वाधिक म्हणजे स्त्रिया आणि पुरुष दोघे धरून. तिचे विजय १०१ आहेत. जन्म १३ मार्च १९९५ चा, कोलोराडो राज्यातल्या व्हेल या स्कीइंगच्याच गावातला. ऑलिंपिकची दोन सुवर्णं आणि एक रौप्य, जागतिक अजिंक्यपद स्पर्धेची १५ पदकं (त्यांत ८ सुवर्णं) आणि पाच वेळा पूर्ण हंगामाचं विजेतेपद तिच्या नावावर आहे. स्लालम, जायंट स्लालम, सुपर-जी, डाउनहिल, कंबाइंड आणि पॅरलल अशा सहाही प्रकारांत वर्ल्ड कपची शर्यत जिंकलेली ती एकमेव आहे.

२. हे स्लालम, सुपर-जी वगैरे काय असतं? सगळे बर्फावरून खालीच येतात ना?

खालीच येतात, पण गेट किती जवळ-जवळ लावलेत यावर सगळं बदलतं. गेट म्हणजे उतारावर रोवलेले खांब. त्यांना आलटूनपालटून वळसे घालत यायचं, एकही चुकवायचं नाही.

स्लालममध्ये गेट सगळ्यांत जवळ असतात. जेमतेम मिनिटभराच्या उतारात पन्नास-साठ वळणं घ्यावी लागतात. खेळाडू खांबाला लांबून वळसा घालत नाहीत, त्याला नडगीने आणि हाताने आडवा करत सरळ रेषा धरतात, म्हणून नडगीवर आणि हातावर संरक्षक कवचं दिसतात. स्त्रियांची स्लालमची स्की किमान १५५ सेंटिमीटर लांबीची असते. जायंट स्लालममध्ये गेट लांब-लांब, वळणं मोठी आणि वेग जास्त, तिथे स्की १८८ सेंटिमीटरची. या दोन्ही शर्यती दोन फेऱ्यांच्या असतात आणि दोन्ही फेऱ्यांचा वेळ एकत्र धरतात.

सुपर-जी आणि डाउनहिल ह्या वेगाच्या शर्यती, एकाच फेरीच्या. डाउनहिलमध्ये स्त्रियाही ताशी १२० किलोमीटरच्या पुढे जातात. कंबाइंडमध्ये एक वेगाची फेरी आणि एक स्लालमची. पॅरललमध्ये दोघी शेजारी-शेजारच्या मार्गांवर एकाच वेळी सुटतात. टीव्हीवर तेच सगळ्यांत सहज कळतं, आणि जाणकार त्यालाच सगळ्यांत कमी महत्त्व देतात.

३. वर्ल्ड कप दर चार वर्षांनी असतो ना? मग १०१ वर्ल्ड कप कसे जिंकले?

या एका गैरसमजामुळे बाकीचे निम्मे प्रश्न निर्माण होतात. स्कीइंगचा वर्ल्ड कप ही एक स्पर्धा नाही, ती हंगामभर चालणारी मालिका आहे. साधारण ऑक्टोबरच्या शेवटी ऑस्ट्रियातल्या सोल्डेनला सुरू होते आणि मार्चअखेर संपते. दर आठवड्याच्या शेवटी नवं गाव, नवा उतार. प्रत्येक शर्यतीत पहिल्याला १००, दुसऱ्याला ८०, तिसऱ्याला ६० असे उतरत तिसाव्याला १ गुण. हंगामाच्या शेवटी प्रकारवार सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला छोटा क्रिस्टल ग्लोब आणि सगळे प्रकार मिळून पहिल्या येणाऱ्याला मोठा ग्लोब मिळतो. शिफ्रिनने मोठा ग्लोब २०१७, २०१८, २०१९, २०२२ आणि २०२३ ला घेतला. स्लालमचे छोटे ग्लोब आठ आहेत.

जागतिक अजिंक्यपद स्पर्धा वेगळी. ती दर विषम वर्षी, दोन आठवड्यांची. ऑलिंपिक तिसरं. १०१ या आकड्यात या दोन्हींतलं एकही सुवर्ण धरलेलं नाही. ते फक्त वर्ल्ड कपच्या शर्यतींचे विजय आहेत.

आपण बाहेरून पाहणारे ऑलिंपिकवरून खेळाडू जोखतो, कारण आपल्याला तेवढंच दिसतं. आल्प्समधल्या गावांत मोठा ग्लोब जिंकणाऱ्याला जो मान आहे, तो एका दिवसाच्या पदकाला असेलच असं नाही. मला त्यांचं पटतं. पाच महिने, दहा-बारा देश, कधी दगडासारखा गोठलेला तर कधी भुसभुशीत उतार: एवढ्यातून जो पहिला येतो त्याच्याबद्दल शंकेला जागा राहत नाही.

४. शर्यतीच्या दिवशी नक्की काय होतं? त्या उतारावर आधी सराव करून ठेवतात का?

स्लालम आणि जायंट स्लालममध्ये नाही. मार्ग शर्यतीच्या दिवशीच मांडला जातो. कुठल्या संघाच्या प्रशिक्षकाने मांडायचा हे चिठ्ठीने ठरतं. सकाळी खेळाडूंना तो फक्त पाहायला मिळतो. गेटच्या बाजूबाजूने हळूहळू घसरत त्या उतरतात, वळणांचा क्रम पाठ करतात. सुटण्यापूर्वी डोळे मिटून हात हलवणाऱ्या खेळाडू टीव्हीवर दिसतात, त्या तोच क्रम मनात उजळत असतात.

पहिल्या फेरीत वरच्या मानांकनाच्या खेळाडू आधी सुटतात. ही मोठी सोय असते, कारण प्रत्येक स्कीमागे उतारावर चर पडत जातात आणि चाळिसावी खेळाडू येईपर्यंत मार्ग ओबडधोबड झालेला असतो. म्हणून कडक पृष्ठभागासाठी उतारात पाणी मुरवून तो गोठवतात, म्हणजे चर कमी पडतात. पहिल्या फेरीतल्या पहिल्या तीस जणींनाच दुसरी फेरी मिळते आणि ती उलट क्रमाने: तिसावी आधी, पहिली सर्वांत शेवटी. म्हणजे आघाडीवर असलेल्या खेळाडूला सगळ्यांत खराब मार्ग मिळतो आणि काय वेळ गाठायची आहे तेही तिला माहीत असतं.

फरक सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात. दोन्ही स्कींची टोकं आणि दोन्ही बूट गेटमधून जायला हवेत. एक टोक खांबाच्या चुकीच्या बाजूने गेलं की शर्यत संपली.

५. ती एवढ्या लहान वयात एवढी पुढे कशी गेली? घरचे खेळाडू होते का?

वडील जेफ भूलतज्ज्ञ डॉक्टर होते आणि डार्टमथ कॉलेजमध्ये असताना शर्यतीत उतरलेले. आई आयलीन नर्स, तीही प्रौढांच्या शर्यती खेळलेली. थोरला भाऊ टेलर कॉलेजच्या संघातून स्कीइंग करायचा. ती आठ वर्षांची असताना कुटुंब कोलोराडोहून न्यू हॅम्पशायरमधल्या लाइमला गेलं, पुढे ती व्हरमाँटच्या बर्क माउंटन अकॅडमीत शिकली. पूर्वेकडचे डोंगर बुटके, थंडी बोचरी, बर्फ कडक. स्लालम शिकायला त्याहून चांगली जागा नाही.

पण खरी गोष्ट घरच्यांनी ठरवलेल्या पद्धतीत आहे. लहान मुलांना दर शनिवार-रविवारी गाडीत घालून शर्यतीला नेणं हा या खेळातला शिरस्ता. शर्यतीच्या दिवशी दिवसभर थंडीत उभं राहून एकेका मिनिटाच्या दोन फेऱ्या मिळतात. तेवढ्याच वेळात सरावाला गेलं तर कितीतरी जास्त उतार होतात. शिफ्रिन कुटुंबाने शर्यती कमी ठेवल्या आणि सराव वाढवला. तोच तोच व्यायाम, तेच वळण, एक स्की काढून, काठ्यांशिवाय, पुन्हा पुन्हा. तोल सुधारावा म्हणून एकचाकी सायकल आणि चेंडू झेलत राहण्याचा सरावसुद्धा. मैत्रिणी ट्रॉफ्या आणत होत्या तेव्हा ही वळणं घोटत होती. तिच्या कारकिर्दीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे, आणि ती कुठल्याही विक्रमाच्या तक्त्यात दिसत नाही.

६. पहिलं मोठं यश कोणतं?

वर्ल्ड कपमध्ये ती पहिल्यांदा उतरली ती ११ मार्च २०११ ला, चेक प्रजासत्ताकातल्या श्पिंडलरूव म्लीन इथे. सोळावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ऑस्ट्रियातल्या लिएन्झला स्लालममध्ये तिसरी आली. तेव्हा तिचा सुटण्याचा क्रमांक होता ४०. चाळिसावा क्रमांक म्हणजे काय ते प्रश्न ४ मध्ये सांगितलं आहे. जाणकारांचे कान तेव्हाच टवकारले.

पहिला विजय २० डिसेंबर २०१२ ला स्वीडनमधल्या ओरे इथे. दोन महिन्यांत, सतरा वर्षांची असतानाच, श्लाडमिंगला स्लालमची जगज्जेती. मग २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये १८ व्या वर्षी सुवर्ण. ऑलिंपिक स्लालम जिंकणारी ती सर्वांत लहान खेळाडू. त्या दुसऱ्या फेरीत मध्येच तिची एक स्की हवेत गेली, तोल सुटला, आणि तरी पुढचं वळण तिने घेतलं. मागे रौप्यपदकावर राहिली ऑस्ट्रियाची मार्लिस शिल्ड. वर्ल्ड कपमधले शिल्डचे ३५ स्लालम विजय हा तेव्हा स्त्रियांचा विक्रम होता. पुढे शिफ्रिनने तोही मागे टाकला. स्लालमचं जागतिक विजेतेपद तिने २०१३, २०१५, २०१७ आणि २०१९ असं सलग चार वेळा जिंकलं.

७. तिचा सर्वांत चांगला हंगाम कोणता?

आकड्यांनी २०१८-१९. एका हंगामात १७ विजय. आधीचा विक्रम स्वित्झर्लंडच्या व्रेनी श्नायडरचा होता, १९८८-८९ मधले १४. त्या वर्षी मोठ्या ग्लोबबरोबर स्लालम, जायंट स्लालम आणि सुपर-जी असे तीन छोटे ग्लोबही तिने घेतले. तरीही गुणांचा विक्रम तिचा नाही, ते कसं ते प्रश्न १६ मध्ये.

८. सर्वाधिक विजयांचा विक्रम तिने कधी आणि कसा मोडला?

दोन पायऱ्यांत, आणि दोन्ही २०२३ मध्ये. स्त्रियांचा विक्रम लिंडसी व्हॉनचा होता: ८२. ८ जानेवारीला स्लोव्हेनियातल्या क्रान्स्का गोराला बरोबरी, २४ जानेवारीला इटलीतल्या क्रॉनप्लात्झला ८३ वा विजय. दुसऱ्याच दिवशी तिथेच ८४ वा. ८५ वा श्पिंडलरूव म्लीनला, जिथे ती पहिल्यांदा उतरली होती.

मग राहिला स्वीडनच्या इंगेमार स्टेनमार्कचा ८६ चा विक्रम, जो १९८९ पासून कुणाला गाठता आला नव्हता. १० मार्चला ओरेला जायंट स्लालम जिंकून बरोबरी आणि ११ मार्चला स्लालम जिंकून ८७. दुसऱ्या आलेल्या वेंडी होल्डनरपेक्षा ती ०.९२ सेकंदांनी पुढे होती. ओरे म्हणजे स्टेनमार्कचा देश, आणि तिच्या पहिल्या विजयाचं गावही तेच. हा योगायोग ठरवूनही जमला नसता. शंभरावा विजय कसा आला ते प्रश्न १३ मध्ये.

९. स्टेनमार्क पुरुष, ही स्त्री. शर्यतीच वेगळ्या, मग विक्रम एक कसा?

शंका रास्त आहे. दोघे एका उतारावर कधी स्पर्धेत नव्हते आणि वेळांची तुलना कुणी करत नाही. तुलना होते ती आपापल्या वर्ल्ड कपमध्ये कोण किती वेळा पहिलं आलं याची. रचना आणि गुणपद्धत सारखीच आहे, त्यामुळे एवढी तुलना चालते.

स्टेनमार्कच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. त्याचे ८६ विजय फक्त दोन प्रकारांतले आहेत: ४६ जायंट स्लालम, ४० स्लालम. सुपर-जी तर वर्ल्ड कपमध्ये आलीच १९८२-८३ च्या हंगामात. शिफ्रिनच्या १०१ ची फोड अशी: स्लालम ६४, जायंट स्लालम २२, सुपर-जी ५, पॅरलल ५, डाउनहिल ४, कंबाइंड १. म्हणजे केवळ स्लालम आणि जायंट स्लालम धरले तरी ८६ होतात. तंतोतंत बरोबरी! यावर वाद घालणाऱ्यांना आयतंच खाद्य मिळालं आहे.

१०. बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिला एकही पदक का मिळालं नाही? दडपण आलं का?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न. २०२२ मध्ये ती सहा प्रकारांत उतरली. जायंट स्लालममध्ये पहिल्याच फेरीत बाहेर, स्लालममध्येही सुरुवातीच्या काही गेटमध्येच बाहेर. मार्गाच्या कडेला बर्फात गुडघ्यात डोकं घालून बसलेली शिफ्रिन सगळ्या जगाने पाहिली, कारण कॅमेरा हटलाच नाही. सुपर-जीत नववी, डाउनहिलमध्ये अठरावी. कंबाइंडमध्ये डाउनहिलची फेरी चांगली झाली आणि स्लालमच्या फेरीत पुन्हा बाहेर. मिश्र सांघिक शर्यतीत अमेरिका चौथी.

दडपण होतंच, ते तिने स्वतःच कधी लपवलं नाही. शर्यतीपूर्वी ताणाने उलट्या होण्याचा काळही तिच्या वाट्याला आलेला आहे आणि त्यासाठी तिने मानसतज्ज्ञाची मदत घेतली होती. पण 'दडपणाने कोसळली' एवढं म्हणून थांबलं तर हा खेळ कळत नाही. स्लालममध्ये जिंकायचं तर स्कीची कड शेवटच्या शक्यतेपर्यंत ताणावी लागते. सावध उतरलेली खेळाडू शेवटपर्यंत पोचते, दहावी-बारावी येते. शिफ्रिन ऑलिंपिकमध्ये दहावी यायला गेली नव्हती. ती सहसा बाहेर जात नसे म्हणून ते तीन दिवस विचित्र वाटले.

समाजमाध्यमांवर तिला आलेल्या शिव्या तिने स्वतःच लोकांपुढे ठेवल्या. आणि मग आपल्याकडच्या बातम्यांत कधीच न आलेला भाग: महिनाभरात, मार्च २०२२ मध्ये, कूर्शव्हेलच्या अंतिम टप्प्यात तिने डाउनहिल जिंकली, म्हणजे तिचा सर्वांत कच्चा समजला जाणारा प्रकार, आणि चौथा मोठा ग्लोबही घेतला. बीजिंगचं अपयश धरूनच तो हंगाम तिचा होता.

११. वडिलांचं निधन झालं तेव्हा तिने खेळ सोडला होता का?

सोडला नव्हता, थांबवला होता. २ फेब्रुवारी २०२० ला कोलोराडोतल्या घरी झालेल्या अपघातानंतर जेफ शिफ्रिन गेले. ती युरोपातून घरी परतली. तेव्हा एकूण गुणांत ती पहिली होती. सहा आठवड्यांनी ओरेला पुन्हा उतरायला आली आणि कोविडमुळे त्या शर्यती रद्द होऊन हंगामच संपला. ग्लोब इटलीच्या फेडेरिका ब्रिन्योनेला गेला. पुढचा विजय यायला डिसेंबर २०२० उजाडला, कूर्शव्हेलच्या जायंट स्लालममध्ये. वडिलांच्या नावाने अमेरिकेच्या स्की संघटनेत खेळाडूंसाठी निधी उभारला गेला आहे. जेफ शर्यतीच्या ठिकाणी गळ्यात कॅमेरा अडकवून फोटो काढत उभे असत, आणि ओळखणाऱ्यांना ते तसेच आठवतात.

१२. आईच तिची प्रशिक्षक आहे हे खरं का?

बरंचसं खरं. आयलीन वर्षानुवर्षं तिच्याबरोबर प्रवास करत आली आहे आणि तंत्राबद्दल तिचा शब्द मोठा. पण संघाचे अधिकृत प्रशिक्षक वेगळे असतात. माइक डे बरीच वर्षं होते, २०२३ मध्ये ते संघ सोडून गेले आणि करिन हार्यो मुख्य प्रशिक्षक झाल्या. २०१६ मध्ये फ्लाखाऊला वर्ल्ड कपचा मार्ग मांडणारी पहिली स्त्री म्हणजे ह्याच.

१३. ९९ विजयांवर ती इतके दिवस का अडकली होती?

२३ नोव्हेंबर २०२४ ला ऑस्ट्रियातल्या गुर्गलला ९९ वा विजय झाला. आठवड्याभराने अमेरिकेत किलिंग्टनला जायंट स्लालम होती. हा व्हरमाँटमधलाच उतार, घरचं मैदान, खच्चून गर्दी. पहिल्या फेरीत ती पहिली. दुसऱ्या फेरीत शेवटाची रेषा नजरेच्या टप्प्यात असताना ती पडली, गेटवर आदळत जाळीत गेली. पोटाच्या बाजूला भोसकल्यासारखी खोल जखम झाली, तिथले तिरके स्नायू फाटले. डिसेंबरमध्ये शस्त्रक्रिया करावी लागली.

३० जानेवारी २०२५ ला कूर्शव्हेलच्या स्लालममध्ये ती परतली, दहावी आली. शरीर भरून येत होतं, पण जायंट स्लालमच्या वेगाची भीती जात नव्हती. आघातानंतरच्या मानसिक त्रासातून जात असल्याचं तिने उघड सांगितलं आणि झालबाखच्या जागतिक स्पर्धेत जायंट स्लालमचं आपलं विजेतेपद राखायला ती उतरलीच नाही. त्याऐवजी नव्याने आलेल्या सांघिक कंबाइंडमध्ये ब्रीझी जॉन्सनबरोबर उतरली. जॉन्सनने डाउनहिल, हिने स्लालम. सुवर्ण! जागतिक स्पर्धेतलं हे पंधरावं पदक, जर्मनीच्या क्रिस्टल क्रांझच्या जुन्या विक्रमाशी बरोबरी करणारं.

शंभरावा विजय २३ फेब्रुवारीला इटलीतल्या सेस्ट्रिएरच्या स्लालममध्ये आला. आदल्याच दिवशी तिथल्या जायंट स्लालममध्ये ती दुसऱ्या फेरीला पात्रसुद्धा ठरली नव्हती. या दोन दिवसांची जोडी मला त्या शंभराच्या आकड्यापेक्षा मोठी वाटते. १०१ वा विजय २७ मार्चला सन व्हॅलीत, हंगामाच्या शेवटच्या स्लालममध्ये.

१४. ती डाउनहिल का टाळते? घाबरते का?

चार जिंकल्यात, त्यामुळे जमत नाही असं नाही. पहिली डिसेंबर २०१७ मध्ये कॅनडातल्या लेक लुईसला. अडचण वेळेची असते: डाउनहिलसाठी शर्यतीपूर्वी त्याच उतारावर सरावाच्या फेऱ्या घ्याव्या लागतात, म्हणजे स्लालमचा सराव बुडतो. शिवाय धोका. जानेवारी २०२४ मध्ये कोर्तिनाच्या डाउनहिलमध्ये ती जाळीत गेली आणि गुडघ्याच्या दुखापतीने काही आठवडे बाहेर बसली. त्याच महिन्यात तिचा जोडीदार, नॉर्वेचा स्कीपटू अलेक्सांडर ओमोट किल्डे, वेंगेनला फार वाईट पडला होता. २०२४-२५ मध्ये ती डाउनहिलला उतरली नाही. भीती असेल तर ती शहाणपणाची आहे.

१५. लिंडसी व्हॉन श्रेष्ठ की शिफ्रिन?

व्हॉनच्या ८२ पैकी ४३ डाउनहिल आणि २८ सुपर-जी. शिफ्रिनची फोड प्रश्न ९ मध्ये आहे. शेजारी ठेवून पाहा: दोघींची कामं वेगळी आहेत. वेगाच्या शर्यतीत मला व्हॉन बघायला आवडते, वळणांच्या शर्यतीत शिफ्रिनच्या जवळपास कुणी नाही. अष्टपैलू म्हणायचं तर शिफ्रिन. व्हॉन २०१९ मध्ये निवृत्त होऊन २०२४ च्या डिसेंबरमध्ये परतली, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर, चाळिशीत, आणि मार्च २०२५ मध्ये सन व्हॅलीला सुपर-जीत दुसरी आली. तेव्हा तुलना करताना जपून.

१६. म्हणजे आता सगळे विक्रम तिचेच का?

नाही. स्त्रियांमध्ये सर्वाधिक मोठे ग्लोब ऑस्ट्रियाच्या आनमारी मोझर-प्रोलचे: सहा. शिफ्रिनचे पाच. मोझर-प्रोलचे एकूण विजय ६२, पण ती १९८० मध्ये निवृत्त झाली, शर्यती कमी असण्याच्या काळात. पुरुषांत मार्सेल हिर्शरचे ग्लोब तर सलग आठ.

एका हंगामातल्या गुणांचा विक्रम स्लोव्हेनियाच्या टीना माझेचा आहे: २०१२-१३ मध्ये २४१४. शिफ्रिनने १७ विजयांच्या हंगामात २२०४ मिळवले. विजय सहा जास्त असूनही गुण कमी कसे? माझेने त्या हंगामात ११ शर्यती जिंकल्या, पण जवळजवळ प्रत्येक प्रकारात, प्रत्येक आठवड्याला उतरून २४ वेळा पहिल्या तिघींत आली. शिफ्रिन वेगाच्या बऱ्याच शर्यती सोडते, तिथे तिच्या खात्यात शून्य पडतं.

१७. तिच्याकडे रेनडिअर आहेत म्हणे?

आहेत. फिनलंडमधल्या लेव्हीच्या स्लालममध्ये जिंकणाऱ्याला रेनडिअर बक्षीस देतात आणि त्याचं नाव विजेत्याने ठेवायचं असतं. तिच्या पहिल्याचं नाव रुडॉल्फ. २०१९ मध्ये एकाचं नाव तिने इंगेमार ठेवलं, स्टेनमार्कवरून. प्राणी तिथल्याच फार्मवर राहतात, विमानात घालून आणत नाहीत.

१८. भारतात असं कुणी आहे का? महाराष्ट्रातून काही शक्यता?

ऑलिंपिकमध्ये स्लालमला उतरलेली पहिली भारतीय स्त्री शैलजा कुमार, १९८८ कॅलगरी. २०१८ मध्ये मनालीजवळच्या बुरुआ गावच्या आंचल ठाकूरने तुर्कस्तानात एर्झुरुमला स्लालममध्ये कांस्य जिंकलं, आंतरराष्ट्रीय स्कीइंगमधलं ते भारताचं पहिलं पदक. गुलमर्गचा आरिफ खान २०२२ च्या बीजिंगमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता, जायंट स्लालममध्ये ४५ वा. गुलमर्ग आणि औली ही आपली मुख्य ठिकाणं. प्रश्न ५ वाचल्यावर अडचण ध्यानात येईल: वर्षातले थोडेच आठवडे मिळणारा बर्फ आणि हजारो वळणांची गरज, यांचा मेळ बसत नाही. मराठी मूल या खेळात पुढे यायचं तर ते बहुधा बर्फाच्या देशात स्थायिक झालेल्या घरातलं असेल.

१९. भारतीय वेळेनुसार शर्यती किती वाजता असतात?

हिवाळ्यात मध्य युरोप आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतो. तिथे सकाळी दहाला पहिली फेरी असेल तर आपल्याकडे दुपारचे अडीच, दुपारी एकची दुसरी फेरी असेल तर साडेपाच. फ्लाखाऊसारख्या दिव्यांच्या उजेडातल्या स्लालमची दुसरी फेरी आपल्या मध्यरात्रीनंतर येते. अमेरिकेच्या पूर्व भागातली सकाळची शर्यत आपल्याकडे रात्री. एकच फेरी पाहायला सवड असेल तर दुसरी पाहा, क्रम उलटा असल्याने रंगत तिथेच असते.

२०. दोघींची वेळ अगदी सारखी आली तर विजय कुणाच्या नावावर? तिच्या १०१ मध्ये असे किती?

दोघींच्या नावावर, पूर्ण. अर्धा-अर्धा नाही. दोघींना १००-१०० गुण, दुसरा क्रमांक रिकामा, पुढची खेळाडू थेट तिसरी आणि ६० गुण. हजारावा भाग मोजून निकाल लावत नाहीत, शंभराव्यावर थांबतात. ऑलिंपिकमध्येही हाच नियम: २०१४ च्या सोचीत स्त्रियांच्या डाउनहिलमध्ये टीना माझे आणि स्वित्झर्लंडची डॉमिनिक गिसिन दोघींना सुवर्ण मिळालं होतं.

शिफ्रिनच्या खात्यात असे दोन विजय आहेत, दोन्ही जायंट स्लालममधले. पहिला ऑक्टोबर २०१४ मध्ये सोल्डेनला, ऑस्ट्रियाच्या आना फेनिंगरबरोबर, आणि तोच तिचा जायंट स्लालममधला पहिला विजय. दुसरा फेब्रुवारी २०१९ मध्ये स्लोव्हेनियातल्या मारिबोरला, स्लोव्हाकियाच्या पेट्रा व्हल्होव्हाबरोबर. व्हल्होव्हा ही त्या काळातली तिची सर्वांत चिवट प्रतिस्पर्धी, २०२१ च्या मोठ्या ग्लोबची आणि बीजिंगच्या स्लालम सुवर्णाची मानकरी. दोन फेऱ्या, प्रत्येकी मिनिटाहून जास्त, आणि शेवटी दोघींमध्ये शंभराव्या भागाचाही फरक नाही.